तिसऱ्या शरणाचा अर्थ

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमाची सुरुवात प्रथेप्रमाणे त्रिशरण-पंचशीलाने झाली. मी मुद्दाम कान देऊन ऐकत होतो. बुद्धाला शरण जाताना आपल्या सर्वांचा आवाज एक होतो, धम्माला शरण जातानाही बरा असतो. पण संघाचे नाव येईपर्यंत मागच्या रांगेतील काही मंडळी खाली बसायला जागा चाचपू लागलेली असतात. मी हे तक्रार म्हणून सांगत नाही, माझेही पुष्कळदा तसेच झालेले आहे. बुद्ध कोण हे आपल्याला ठाऊक आहे. धम्म काय हे बाबासाहेबांनी आपल्यासाठी लिहून ठेवले आहे. परंतु संघाला शरण जायचे म्हणजे नेमके कोणाकडे जायचे, हा प्रश्न आपल्यातील फारच थोड्यांनी स्वतःला विचारला असेल. आज बोलायचे आहे ते त्याविषयी.

संघ म्हणजे भिक्खुसंघ, हा अर्थ मला मान्य आहे आणि अभ्यासू मंडळींशी माझा वाद नाही. मी टपाल खात्यात चाळीस वर्षे कारकुनी केलेला माणूस. पाली मला येत नाही. पण माणसे एकत्र का राहतात आणि एकत्र राहिली नाहीत तर काय होते, हे मी थोडेफार पाहिले आहे, तेवढ्याच आधारावर बोलणार आहे.

प्रथम बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगतो. आपल्यातील अनेकांनी तो वाचलेला असेल. साल १९१७. बाबासाहेब परदेशातून परत आले होते. कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांच्यापाशी होती, लंडनला अर्थशास्त्राचा अभ्यास सुरू झालेला होता. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सरायीत पारशी नावाने उतरले. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी काठ्या घेऊन दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड, म्हणून दम देऊन गेले. शहरात बाबासाहेबांच्या ओळखीचे दोन जण होते, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. ते दोघांकडेही गेले. एक म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा म्हणाला, पत्नी बाहेरगावाहून यायची आहे, ती आली की तिला विचारतो. दोघांनीही दार बंद केले असे म्हणता येणार नाही. दोघांनीही कारण दिले. मग कामाठी बागेत बसून त्यांनी गाडीची वेळ होईपर्यंत दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आठवणींत हे सारे त्यांनी स्वतःच लिहिलेले आहे.

विद्यार्थ्यांनो, मी हा प्रसंग तुमच्यापुढे अस्पृश्यतेचा दाखला म्हणून ठेवत नाही, तो तर आहेच. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या दिवशी त्या बागेत बसलेल्या माणसाकडे विद्या होती, बुद्धी होती, संस्थानची नोकरी होती. नव्हते ते एवढेच, की ज्याच्या दारावर रात्री आठ वाजता थाप मारावी आणि 'आत या' असे ऐकावे, असे त्या शहरात एकही घर नव्हते.

आता पुढचे पाहा. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली आणि जानेवारी १९२५ मध्ये सभेने सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. करण्यासारखी हजार कामे होती. आरंभीच्या कामांत वसतिगृह का? गावात वरचे शिक्षण नव्हते आणि शहरात आपल्या मुलांना कोणी खोली देत नव्हते, हे कारण उघड आहे. पण ते वसतिगृह सुरू करताना बडोद्याची ती बाग बाबासाहेबांच्या डोळ्यांपुढे आली नसेल, असे मला वाटत नाही. हा माझा तर्क आहे, पुरावा मागू नका. धारवाडच्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी रमाईंनी आपल्या हातातील बांगड्या दिल्या, ही गोष्ट आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. तिच्यातही मला तेच दिसते. शाळेत नाव घालणे हे अर्धे काम, त्या मुलाला कोणाचे तरी असणे हे उरलेले अर्धे.

माझ्यापुरते सांगायचे तर मी अशा एका गॅलरीचा मुलगा आहे. १९७१ साली सातारा जिल्ह्यातून मी नायगावच्या बी. डी. डी. चाळीत मामांकडे आलो. ज्यांनी ती चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : तळमजला अधिक तीन मजले, एका इमारतीत ऐंशी खोल्या, प्रत्येक खोली एकशेसाठ चौरस फुटांची, संडास सामाईक. आमच्या खोलीत आम्ही नऊ जण. अभ्यासाला जागा म्हणजे बाहेरची गॅलरी आणि तिथला दिवा. आमच्या मजल्यावर एक काका होते, गिरणीत दुसऱ्या पाळीला असायचे. बारा-साडेबाराला परत येत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. आम्ही तीन-चार पोरे भिंतीला टेकून बसलेली असायचो. ते जाता जाता थांबत, पुस्तकाच्या पानावर बोट ठेवत आणि विचारत, "हेच पान काल नव्हतं का?" आम्ही हसायचो. पण गंमत अशी, की रोज रात्री बाराच्या सुमारास आमची पाने भराभर उलटू लागत. पुढे मी अकरावी मॅट्रिक पास झालो तेव्हा काकांनी मजल्यावर पेढे वाटले, आणि ते आपल्या पगारातून.

मी त्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. नळावरची भांडणे, दारू, आजारपणे, संडासापुढची रांग, हे सर्व त्याच गॅलरीत होते. जी गॅलरी माझ्या पुस्तकाकडे पाहत होती तीच माझ्या मामेबहिणीच्या येण्या-जाण्यावर पहारा ठेवत होती, आणि तिचे शिक्षण नववीला थांबले त्याला त्या पहाऱ्याचाही हातभार होता. वसंत मून यांचे 'वस्ती' हे आत्मकथन १९९५ साली प्रसिद्ध झाले. विद्यार्थ्यांनी ते जरूर वाचावे. नागपूरच्या एका वस्तीने माणसे कशी घडवली ते त्यात आहे, आणि वस्तीतील ओढगस्त व भांडणेही लपवलेली नाहीत. समाज म्हटला की तो असा मिश्रच असतो. म्हणून भावकी आणि संघ यांत मी फरक करतो. भावकी जन्माने मिळते आणि ती तुमच्यावर हक्क सांगते. संघात माणूस आपल्या पायांनी येतो, आणि तिथे एकमेकांच्या भल्याचा विचार करावा लागतो, नाहीतर त्याचीही भावकी व्हायला वेळ लागत नाही. आपल्या संस्थेची मध्ये तीन-चार वर्षे कशी गेली, खुर्च्यांवरून काय काय झाले, ते येथे बसलेल्या ज्येष्ठांना माहीत आहे. अधिक बोलत नाही.

आता त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे. एकशेसाठच्या जागी पाचशे चौरस फुटांची घरे मिळत आहेत. मिळालीच पाहिजेत, शंभर वर्षे पुष्कळ झाली. आपणही सर्वजण आता ब्लॉकमध्ये राहतो. दार लावले की आतले आत, बाहेरचे बाहेर. मला त्याचे दुःख नाही. फक्त रात्री बारा वाजता पानावर बोट ठेवणारा माणूस आता आपोआप भेटत नाही, तो ठरवून नेमावा लागतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मला कसे कळले ते सांगणे भाग आहे, जरी सांगताना बरे वाटत नाही. २००६ साली याच मंचावर आपण बारावीच्या एका मुलाचा सत्कार केला होता. अभियांत्रिकीला त्याला दूरच्या एका शहरात प्रवेश मिळाला होता. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, सर्व काही झाले. सत्कार समितीत मी होतो, त्याच्या खिशाला फूल मीच लावले. त्यानंतर आम्ही पुढच्या वर्षीच्या सत्काराच्या तयारीला लागलो. मुलगा दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. वडिलांनी दोन महिने कोणाला सांगितले नाही, कारण सत्कार झालेला होता! मला कळले तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, तिथे मला कोणी मारलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. मी मेसमध्ये बसलो की माझ्या टेबलावर कोणी बसत नव्हतं. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले. कोणाला विचारायचं तेच कळेना." मग थोडे थांबून म्हणाला, "सत्काराला एवढी माणसं होती. त्यातल्या एकाचा फोन आला असता तर मी थांबलो असतो."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य मी तेव्हापासून बरोबर घेऊन फिरतो आहे. फोन करायला किती पैसे पडतात? आमच्यातील कोणाचीही नियत वाईट नव्हती. आमच्यातील प्रत्येकाला वाटत होते, की दुसरा कोणी तरी चौकशी करत असेल.

हा एका मुलाचा दुबळेपणा होता असे कोणी समजू नये. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी डॉ. सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वसतिगृहाच्या ठरावीक मजल्यांवर कसे एकवटले गेले, त्यांना कसे एकटे पाडले जात होते, हे त्यात नोंदवले आहे. देशातील सर्वांत कठीण प्रवेश परीक्षांपैकी एक पास होऊन गेलेली ती मुले होती. त्यांच्या बुद्धीत काय कमी होते?

तेव्हा मी धम्मग्रंथांकडे वळलो, आणि तिथे जे सापडले त्याने चकित झालो. आनंदाने एकदा भगवान बुद्धांना म्हटले, की कल्याणमित्र लाभणे म्हणजे निम्मे धम्मजीवन साधणे होय. आपल्याला वाटेल, बुद्ध म्हणाले असतील, शाबास. बुद्धांनी त्याला थांबवले आणि सांगितले, की निम्मे नव्हे, ते सबंध धम्मजीवनच आहे. मेघियाची कथाही अशीच. तो भगवंतांचा सेवक होता. नदीकाठची एक आमराई त्याला आवडली आणि तिथे एकट्याने ध्यान करावेसे वाटले. दुसरा भिक्खू येईपर्यंत थांब, असे बुद्धांनी सांगितले. त्याने तीनदा हट्ट धरला आणि तो गेला. आमराई सुंदरच होती, पण बसल्यावर मनात वासनेचे, द्वेषाचे, हिंसेचे विचार उसळू लागले. परत आला तेव्हा बुद्ध रागावले नाहीत. चित्त पक्व व्हायला कोणत्या पाच गोष्टी लागतात ते त्यांनी सांगितले, आणि त्यांत पहिली होती कल्याणमित्र. विद्यार्थ्यांनो, 'माझे मी बघून घेईन' असे म्हणणारे तुमच्यात बरेच असतील. वयच तसे असते. मेघियाही हेच म्हणाला होता.

परंतु मला सर्वांत जास्त शिकवले ते विनयपिटकातील आजारी भिक्खूच्या प्रसंगाने. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. बुद्ध आनंदासह विहारात फिरत असताना त्याच्यापाशी आले. तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही का, असे त्यांनी विचारले. तो म्हणाला, नाही. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून तेही माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले. एकाने डोक्याकडून, एकाने पायांकडून धरून त्यांनी त्याला उचलून मंचकावर निजवले. मग त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून समज दिली : तुम्ही आई-बाप सोडून आलात, आता तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करील?

इथपर्यंतची कथा आपल्याला प्रवचनांतून ऐकायला मिळते. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि मला तोच महत्त्वाचा वाटतो. बुद्ध उपदेश करून थांबले नाहीत. त्यांनी जबाबदारी ठरवून दिली. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर त्याने करावे, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर शिष्याने, बरोबरीचे असतील तर त्यांनी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने, आणि न केल्यास तो संघाचा दोष. माणसांची करुणा केव्हा जागी असेल आणि केव्हा झोपेल याचा भरवसा नसतो, हे ते जाणत होते. 'कोणीतरी करील' हे वाक्य त्यांनी नियमातूनच काढून टाकले. २००६ साली आमच्याकडे करुणा नव्हती असे नाही. आमच्याकडे नियम नव्हता.

त्यातून आपल्या संस्थेची 'कल्याणमित्र वही' निघाली, हे जुन्या सभासदांना ठाऊक आहे. नव्या लोकांसाठी थोडक्यात सांगतो. शिक्षणासाठी बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावापुढे दोन नावे लिहायची : एक वडीलधारे आणि एक अलीकडेच शिक्षण संपवलेले. मुलीच्या बाबतीत त्यांतील एक तरी उपासिका हवी. दर पौर्णिमेला फोन, आणि सहा महिन्यांतून एकदा प्रत्यक्ष भेट. गुण विचारायचे नाहीत. जेवलास का, झोप लागते का, खोलीत बरोबर कोण आहे, हे विचारायचे. मुलाने सांगितलेले त्याच्या घरी त्याच्या परवानगीशिवाय सांगायचे नाही. पैशाची अडचण असेल तर ती समितीमार्फत सोडवायची, परस्पर नाही.

सगळे सुरळीत झाले असे नव्हे. काही सभासदांनी दोन महिने फोन केले आणि विसरले. एका सद्गृहस्थांनी कल्याणमित्र होऊन आपल्या पुतण्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात केली, त्यांचे नाव आम्ही वहीतून काढले. त्यांचा राग अजून गेलेला नाही. पण चांगलेही झाले. नर्सिंगला गेलेल्या एका मुलीकडे आपल्या महिला मंडळातील एक मावशी दर महिन्याला जात. मावशींचे शिक्षण चौथीपर्यंत. त्या कोर्सचे नावही त्यांना नीट घेता येत नसे. डब्यातून नाचणीचे लाडू न्यायच्या, वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत अर्धा तास बसायच्या आणि यायच्या. मी त्यांना एकदा विचारले, तुम्ही बोलता काय? त्या म्हणाल्या, "मी कशाला बोलते? ती बोलते, मी ऐकते. आन् तिथल्या बाईंना दिसतं, की पोरीचं कोणीतरी येतंय." ह्या शेवटच्या वाक्यात जे शहाणपण आहे ते मला चाळीस वर्षांच्या नोकरीत सुचले नसते. ती मुलगी आज एका मोठ्या रुग्णालयात परिचारिका आहे आणि पुढच्या रांगेत बसली आहे.

२०२० साली टाळेबंदीत विहार बंद झाले, दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर न येता घरूनच अभिवादन करावे लागले. त्या काळात आपली मुले जिथे जिथे अडकली होती तिथे पहिले फोन गेले ते ह्या वहीतूनच, कारण कोण कुठे आहे हे फक्त तिच्यात लिहिलेले होते. तेव्हाच आपल्यातील काही वृद्धांचे निधन झाले आणि अंत्यविधीला चार माणसेही जाऊ शकली नाहीत. पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम आपण नंतर केले. तरी त्या कुटुंबांच्या मनात ती जागा रिकामीच राहिली आहे. विद्यार्थ्यांप्रमाणे एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठीही अशीच वही हवी, असे मी कार्यकारिणीला सुचवले आहे. ठराव अजून व्हायचा आहे.

एक नाजूक गोष्ट बोलतो. शिकून मोठ्या हुद्द्यावर गेलेले आपले काही बांधव संस्थेकडे फिरकत नाहीत. काहींनी आडनावे बदलली, काहींच्या बैठकीत बाबासाहेबांची तसबीर नसते, आतल्या खोलीत असते. त्यांच्यावर व्यासपीठावरून टीका करण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. मला ती आवडत नाही. ज्या माणसाला रोज कचेरीत जपून बोलावे लागते त्याला येथे येऊन आणखी एक शिव्यांचे भाषण कशाला ऐकवायचे? त्याला वर्गणीची पावती पाठवण्याऐवजी एका मुलाचे नाव पाठवा. मी तसे दोघांना पाठवले होते. दोघेही आले.

२००६ सालच्या त्या मुलाचे पुढे काय झाले, असे पुष्कळ जण विचारतात. त्याने आय. टी. आय. केले, वातानुकूलन यंत्रांच्या दुरुस्तीचा व्यवसाय चांगला चालतो. वहीच्या पहिल्या पानावर कल्याणमित्र म्हणून दुसरे नाव त्याचे आहे. पहिले माझे आहे, पण फोन करण्याच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा पक्का आहे.

माझी वेळ संपत आली, सूत्रसंचालक घड्याळाकडे पाहत आहेत. यंदा सत्कार होत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी अकरा जण बाहेरगावी चालले आहेत. काल रात्री मी वही पाहिली. सहा जणांच्या पुढे दोन-दोन नावे लिहिली गेली आहेत. तिघांच्या पुढे एकच नाव आहे आणि दोघींच्या पुढे काहीच नाही. त्या दोघींपैकी एक नांदेडला जाणार आहे आणि एक कोल्हापूरला, तेव्हा त्या बाजूला ज्यांचे नातेवाईक असतील त्यांनी विशेष विचार करावा. वही सचिवांच्या टेबलावर ठेवली आहे. टेबल मुद्दाम चपला काढण्याच्या जागेशेजारी मांडले आहे. पेन दोरीने बांधलेले आहे, मागच्या वर्षी ते कोणीतरी खिशात घालून नेले होते.

जयभीम.